जैसे थे

घर बघायला आलेला माणूस निदान नळ तरी सोडून बघतो. हे गृहस्थ आले ते फाटकातूनच डावीकडे वळले, कुंपणाच्या कडेने लांब लांब पावलं टाकत मागच्या भिंतीपर्यंत गेले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि तसेच परत आले. येताना त्यांनी घराकडे एकदा पाहिलं. कोणी आपल्या वाटेत स्कूटर आडवी लावून गेलं असेल तर आपण तिच्याकडे पाहतो, तसं पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "जसं आहे तसं घेतो. रोख, एकरकमी. तुम्ही काही करायचं नाही. खिळासुद्धा ठोकायचा नाही."

आता मला सांगा, बायकोने सकाळपासून पडदे बदललेले, सोफ्याच्या फाटक्या हातावर रुमाल टाकलेला, मी ठेवणीतला शर्ट चढवलेला, आणि या माणसाने अजून उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता. पेपर न तपासताच पास केलं तर अभ्यास केलेल्या मुलाला राग येतो, तसा मला आला. पण पास झाल्याचा आनंदही झाला, कारण आधीची सगळी गिऱ्हाईकं बँकेच्या कर्जावर घर घेणारी होती. बँकेचा इंजिनिअर यायचा, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा, डॉक्टरासारखी मान हलवायचा, आणि गिऱ्हाईक पुन्हा फोन उचलायचं नाही. तिकडे मुलीने स्वतःच्या घराजवळ आमच्यासाठी लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेवला होता. बायकोच्या गुडघ्यांना आमच्या घराच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. तेव्हा हा रोखवाला माणूस सोडून चालणार नव्हतं. त्याचं नाव आम्ही त्याच संध्याकाळी 'जैसे थे' ठेवलं.

बायकोची अट एकच होती. "घर राहणाऱ्याला द्यायचं. आपल्यामागे त्यात कोणीतरी भांडलं पाहिजे, हसलं पाहिजे, दूध उतू गेलं पाहिजे."

म्हणून मी जैसे थेंना विचारलं, "राहायला केव्हा येणार?"

"बघू की," ते म्हणाले.

याचा अर्थ 'लवकरच' असा मी घेतला. बायकोने काय घेतला ते तिने सांगितलं नाही, पण तिने सोफ्यावरचा रुमाल उचलून परत कपाटात ठेवला.

इथे माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. माझी सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे आणि खरे असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. असा माणूस घर विकताना गळका नळ लपवील का? मी जैसे थेंना हाताला धरून आत नेलं आणि घराचे सगळे दोष एकेक करून दाखवले. पुढचं दार अडकतं. हँडल धरून वर उचलायचं आणि खाली गुडघा लावायचा. न्हाणीघरातला नळ गळतो. हॉलमधल्या पंख्याचं बटण स्वयंपाकघरात आहे, कारण वायरिंग करणाऱ्याने घर बांधतानाच काहीतरी घोळ घातला आणि तो घोळ प्लास्टरच्या आत गेला. झोपायच्या खोलीत भिंतीला ओल आहे, आणि त्या ओलीचा डाग हुबेहूब आमच्या धाकट्या काकांसारखा दिसतो. तेच नाक, तेच पोट. काका स्वतः एकदा तो बघून गेले आणि त्यानंतर वर्षभर आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

"राहू दे हो," जैसे थे घड्याळाकडे बघत म्हणाले.

"राहू दे कसं? लिहून घ्या!"

आणि त्यांच्या वकिलाला मी ते सगळं लिहायला लावलं. वकील नको नको म्हणत होते, पण मी हट्टच धरला. विक्रीच्या दस्तात एक अख्खा परिच्छेद झाला: मुख्य दार अडकते, नळ गळतो, हॉलचा पंखा स्वयंपाकघरातून चालू होतो, भिंतीवर पुरुषाकृती ओल आहे. सोबत फोटो जोडले. मसुदा नोंदणी कार्यालयात गेला आणि मी खरा शिक्का मारल्याच्या समाधानात घरी आलो.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट घडली नसती. पण आमच्या शेजारी सर्वज्ञ राहतात. हे त्यांचं टोपणनाव, आणि ते त्यांना माहीत आहे, आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी मसुद्याची प्रत माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सर्वज्ञ गप्प बसले की समजावं, काहीतरी महागात पडणार.

"हे कायमचं राहणार बरं का सरकारी दप्तरात," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही जाल, मी जाईन, हा कागद राहील. उद्या तुमच्या मुलीची मुलगी हे वाचील. काय म्हणेल? माझे आजोबा गोठ्यात राहत होते!"

"मग काय करू?"

"करायचं काय! दार तर दुरुस्त करून घ्याल? नवा माणूस गुडघा लावील, पडेल, आणि शिव्या कोणाला देईल? तुम्हाला!"

मला ते पटलं. लोक सर्वज्ञांचं ऐकत नाहीत म्हणून सुखी आहेत, मी ऐकतो.

सुतार आला. त्याने दाराकडे पाहून आधी 'च्च' केलं. कारागिराने 'च्च' केलं की आपण अर्धे हरलेले असतो. बिजागऱ्या झिजल्या होत्या, त्या बदलल्या. बिजागऱ्या नव्या, तर दार जुनं दिसायला लागलं, म्हणून ते घासलं. दार घासलं, तर चौकट मळकी दिसायला लागली. चौकट रंगवली, तर भिंतीने मान टाकली. भिंतीसाठी सुताराने आपला मेहुणा आणला, तो रंगारीही होता आणि वायरमनही होता, आणि आल्या आल्या म्हणाला, "साहेब, भिंत उघडलीच आहे तर पंख्याचं बटण पण इकडे घेऊन टाकू?" नळाचं काम त्याच्या ओळखीच्या कोणीतरी जाता जाता केलं. काकांना आधी खरवडलं, मग कसलंसं औषध पाजलं, आणि वरून मलईच्या रंगाचे दोन हात दिले. काका गेले. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

बायको हे सगळं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. सुतार सामान आवरून गेल्यावर बोलली.

"मी आयुष्यभर सांगत होते, दार बघा, नळ बघा. तेव्हा सुतार मिळत नव्हता."

"अगं, तेव्हा—"

"आता घर दुसऱ्याचं झालं तर सगळे एकदम सापडले."

यावर नवऱ्याने काय बोलावं हे कुठल्याही खात्याच्या नियमावलीत दिलेलं नाही. मी नळ सोडून बंद करून दाखवला. एक थेंब पडला नाही.

आता आपण म्हणाल, चांगलंच झालं की. मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आलो, सवयीने दार उचललं, गुडघा लावला. दार लोण्यासारखं उघडलं आणि मी भाजीसकट थेट हॉलच्या मध्यभागी, सल्ला द्यायला येऊन बसलेल्या सर्वज्ञांच्या पायाशी पोचलो. "अहो, नमस्कार कसला करताय," ते म्हणाले, आणि त्यांनी आशीर्वादासाठी हातही उचलला. मी उठेपर्यंत टोमॅटो सोफ्याखाली गेले होते.

तो मान-अपमान मी गिळला. पण दाराने खरी फजिती बायकोची केली. आमच्याकडे कोण आलं हे तिला स्वयंपाकघरातूनच कळायचं. मी आलो की उचलल्याची खरखर आणि मग एक धप्प. ती चहाचं पाणी ठेवायची. मुलगी आली की दोन लाथा, बायको "अगं, दार मोडेल!" म्हणून ओरडायची, मुलगी शाळेत असताना ओरडायची तशीच मुलीला स्वतःला मुलगी झाल्यावरही. सर्वज्ञ आले की नुसतं ढकलल्याची कुरकुर. ती गॅस बंद करायची, म्हणजे चहा करावा लागू नये. आता दार आवाजच करीना. मी मागे जाऊन उभा राहिलो की ती दचकायची. दिवसातून चारदा दचकायची. एकदा तर तिच्या हातची वाटी पडली.

"चोरासारखे काय येता हो!"

"माझ्याच घरात मी चोरासारखा कसा येईन?"

"तेच तर विचारतेय."

आणि पंखा. जन्मभर मी हॉलमध्ये बसून "पंखा!" म्हणून हाक मारायची आणि तिने आतून "लावला!" म्हणायचं, असा आमचा शिरस्ता होता. आमचं कडाक्याचं भांडण झालं की अबोला धरायचो, पण उकडायला लागलं की मला "पंखा" म्हणावंच लागायचं, आणि तिला "लावला" म्हणावंच लागायचं, आणि एकदा दोन शब्द बोलले गेले की तिसरा अडत नाही. हिवाळ्यात आमची भांडणं जास्त टिकायची ती याच कारणाने. आता बटण माझ्या खुर्चीच्या शेजारी आलं. मी हात लांब करून ते दाबलं, पंखा फिरला, आणि मी वाऱ्यात बसून राहिलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण काही कामच नव्हतं.

रात्री तिला झोप येईना. थेंबाचा आवाज नव्हता ना. काकांच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "हॉटेलात आल्यासारखं वाटतंय." मलाही तसंच वाटत होतं. घर सोडायला अजून वेळ होता, आणि आम्हाला आत्ताच घरी जावंसं वाटत होतं.

अशा वेळी नोंदणी कार्यालयाचा कारकून पाहणीसाठी आला. हातात दस्त, दस्ताला फोटो. शांत, सज्जन, नियमाला धरून चालणारा माणूस. मी नोकरीत होतो तेव्हा आरशात दिसायचा तसाच. त्याने दार उघडलं, बंद केलं. परत उघडलं.

"हे अडकत नाही."

"दुरुस्त केलं," मी जरा ऐटीत म्हणालो.

त्याने नळ पाहिला. "हा गळत नाही." त्याने पंख्याचं बटण दाबलं आणि फिरणाऱ्या पंख्याकडे दुःखाने पाहिलं. मग तो झोपायच्या खोलीत गेला, एकदा फोटोकडे, एकदा भिंतीकडे, परत फोटोकडे बघत राहिला.

"हे गृहस्थ कुठे गेले?"

"कोण? काका? रंगवले."

कारकून खुर्चीत बसला. "असं बघा, घर दस्तापेक्षा वाईट निघालेलं मी पुष्कळ वेळा पाहिलंय. त्याला रकाना आहे. चांगलं निघालेलं पहिल्यांदाच पाहतोय. याला रकाना नाही. दस्तात लिहिलंय तेच घर हे, असं मी कसं लिहू?"

"मग उपाय?"

"दोन. दस्त बदला, नाहीतर घर बदला. दस्त बदलायचा तर नवा अर्ज, नवा मुद्रांक, नवी तारीख, आणि साहेब मोठ्या रजेवर आहेत."

जैसे थेंना फोन केला. ते म्हणाले, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? खिळासुद्धा!" आणि साहेब येईपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता. फ्लॅटवाल्यालाही नव्हता. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तू एक काम न करता राहू शकत नव्हतास?" मी म्हणालो, "शकत होतो. इतकी वर्षं राहिलो की." तिकडून ती हसली, आणि मग एकदम म्हणाली, "काका खरंच पुसले?" तिचा आवाज मला लहानपणचा वाटला. तापात पडली की ती काकांशी गप्पा मारायची.

सुताराला परत बोलावलं. दार बिघडवायचं आहे, हे त्याला मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, चांगलं काम कोणीही करील. मुद्दाम वाईट करायला हात धजत नाही. त्याचा दर वेगळा." नशिबाने जुन्या बिजागऱ्या त्याने भंगारात घालायला म्हणून पिशवीतच ठेवल्या होत्या. त्या बसवल्या आणि दार पहिल्या झटक्यात अडकलं. बायको आतून म्हणाली, "आलात?" मी बाहेरून म्हणालो, "आलो!" खरंतर मी सकाळपासून घरातच होतो, पण आम्हाला दोघांनाही फार बरं वाटलं.

नळाला काही करावंच लागलं नाही. तो मनातून कधी सुधारलाच नव्हता, त्याच रात्री गळायला लागला. मेहुण्याने पंख्याचं बटण मुकाट स्वयंपाकघरात नेलं. अडले ते काका. मेहुण्याने मलईच्या रंगावर करडा रंग लावून काका काढायला घेतले. फोनवर बघून मुलगी सांगत होती, इकडून बायको सांगत होती. "नाक जरा खाली." "पोट अजून घ्या." "इतकं नको, ते शेवटी शेवटी वाढलं होतं." तास-दोन तासांनी भिंतीवर एक भला माणूस उभा राहिला. कारकुनाला तो चालला. पण तो काका नव्हता. बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "याला मी ओळखत नाही," आणि पदराने डोळे टिपून आत गेली. मीही फार वेळ त्या खोलीत थांबलो नाही.

नोंदणी झाली. सह्या झाल्या. किल्ली द्यायला आम्ही जैसे थेंना घरीच बोलावलं. सामान गेलं होतं. रिकाम्या हॉलमध्ये बोललं की शब्द परत अंगावर येत होते. मी त्यांना दाराशी उभं करून शिकवायला लागलो. "हे असं धरायचं. आधी वर उचलायचं. मग इथे गुडघा. जोर नाही करायचा, तिला कळतं."

दाराला मी 'तिला' म्हणालो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. जैसे थे ओशाळले. चांगला माणूस होता तो, उगाच खोटं कशाला बोलू.

"काका," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो. मला जागा हवी होती. पुढच्या आठवड्यात पाडायला माणसं येतायत."

तेव्हा मला ती लांब लांब पावलं आठवली. ज्याला घर हवं असतं तो नळ सोडून बघतो. तराजूची दांडी केसभर कलली तरी माझ्या लक्षात यायची, आणि इथे अख्खं घर पारड्यातून उतरलं तरी मी नव्या माणसाचा गुडघा दुखू नये म्हणून धडपडत होतो.

बायकोने ते ऐकलं होतं. ती दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. मला वाटलं ती आता माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही. ती जैसे थेंना म्हणाली, "पाडा. तुमचं आहे. पण एकदा नीट उघडून आत या. घरात यावं तसे. मी स्वयंपाकघरात असते."

आणि ती आत गेली. जैसे थेंनी माझ्याकडे पाहिलं. मी दार बाहेरून ओढून घेतलं. त्यांनी हँडल धरलं, शिकवल्याप्रमाणे वर उचललं, बूट घातलेल्या पायाचा गुडघा लावला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा खरखरलं, आणि धप्प झालं. आवाज माझा नव्हता, मुलीचा नव्हता, सर्वज्ञांचाही नव्हता.

"कोण आहे?" बायकोने आतून विचारलं.

या घरात तिला हे कधी विचारावं लागलं नव्हतं. जैसे थे म्हणाले, "मी आहे, काकू. आलो."

"या," ती म्हणाली. "बसा." बसायला काही नव्हतं. तरी ते भिंतीला टेकून खाली बसले, आणि आम्ही किल्ली त्यांच्या हातात दिली.

फ्लॅट चांगला आहे. लिफ्ट आहे. दार बोटाने उघडतं. नळ बंद केला की बंद होतो. हॉलच्या पंख्याचं बटण माझ्या खुर्चीच्या हाताशी आहे, मुलीने मुद्दाम तशी खुर्ची ठेवलीय. पहिले काही दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फार नीट वागलो. पाहुण्यांशी वागतो तसं. बायको आत काम करायची, मी बाहेर वाऱ्यात बसायचो. जुन्या रस्त्याने जाऊ नये असं आमचं न बोलता ठरलं होतं, पण सर्वज्ञांचा फोन आला. आधी छप्पर गेलं म्हणाले, मग झोपायची खोली. दारातून माणसं आतबाहेर करतात आणि कोणी उचलत नाही, नुसती लाथ मारतात, असंही म्हणाले. फोनवर ते पुढे काही बोललेच नाहीत, आणि या खेपेला मला महागात काही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुताराच्या मेहुण्याला बोलावलं. तो एवढ्या लांब आला, पंखा लावून पाहिला, बंद करून पाहिला, स्टुलावर चढून कान लावून ऐकला.

"साहेब, पंखा उत्तम चालतोय. बिघाड काय आहे?"

"बटण इथे आहे," मी म्हणालो. "ते स्वयंपाकघरात ने."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सुतारासारखं त्याला बायकोकडे बघावं लागलं नाही, कारण तीच मागून म्हणाली, "ओट्याच्या उजव्या बाजूला. माझा हात पोचेल असं."

मुलीला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा ती म्हणेल, बाबा, तू एक काम न करता राहू शकत नाहीस. संध्याकाळी मेहुणा गेला, मी खुर्चीत बसलो. फार काही उकडत नव्हतं.

"पंखा!" मी हाक मारली.



"लावला!" ती म्हणाली. "आणि काय हो, भाजी कोणती करू?"